३०० फुटांच्या मातीवर क्वाड पळवायची आहे, मागचं स्प्रॉकेट किती दातांचं घेऊ?

नंदगडवाला | १२ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. गेल्या पावसाळ्यात घरच्या शेडमध्ये एक क्वाड (चार चाकांची बाईक) उभी केली. फ्रेम आणि स्विंगआर्म (मागचा एक्सल धरणारा हात) बेळगावच्या उद्यमबागेत वेल्ड करून घेतले. इंजिन अपघातात मोडलेल्या २०१८ च्या केटीएम ड्यूक ३९० बाईकचं आहे. मागे अखंड एक्सल, डिफरन्शियल नाही म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, टायर २० इंची. मी बसल्यावर एकूण वजन तीनशे किलोच्या आसपास भरतं. चेन ५२० मापाची आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) बाईकवर होतं तेच ठेवलंय, पुढे १५ दात, मागे ४५.

गावात रिकामा गाडा पळवण्याच्या शर्यतीसाठी केलेला पट्टा आहे. तांबडी माती, वर रोलर फिरवलेला. जमीनमालकाला विचारून तिथेच ३०० फूट मोजून खुणा केल्यात. पुढे थांबायला त्याच्या दुप्पट जागा मोकळी आहे.

अडचण अशी. सोडल्यासोडल्या मागची चाकं नुसती फिरतात, किंवा पकडलीच तर पुढची उचलतात. आणि शेवटच्या रेषेच्या साधारण पन्नास फूट आधी तिसऱ्यातून चौथा टाकावा लागतो. फोनच्या जीपीएसवर रेषेवरचा वेग ताशी ८६ किमी दिसतो. पिकअप वाढावा म्हणून पुढे १३ टाकावं का मागे ४८-५० करावं, एवढाच प्रश्न आहे. दोन्ही एकदम घ्यायला पैसे नाहीत, म्हणून आधी विचारतोय.


संकेश्वरकर | १२ जानेवारी, रात्री १०.०५

मागे ५० टाक भावा. मागचं जेवढं मोठं तेवढी ओढ. आमच्याकडे सगळे तेच करतात.


उद्यमबाग लेथ | १२ जानेवारी, रात्री १०.३२

थांबा, घाई करू नका. चाकं आत्ताच फिरतायत म्हणजे ओढ कमी पडत नाहीय, माती कमी पडतेय. त्यात आणखी ओढ घातली तर धूळ तेवढी जास्त उडेल. नंदगडवाले, तुमच्या इंजिनाचे आतल्या गिअरचे दात ठाऊक आहेत का? ते असले तर कागदावर सगळं दिसतं.


मास्तर चिकोडी | १३ जानेवारी, सकाळी ६.५०

मी गणित शिकवतो. मोटारींचा नाद पंचवीस वर्षांचा. या इंजिनाचे दात माझ्या वहीत आहेत, तेच मांडतो.

घट म्हणजे आधीचं चक्र किती वेळा फिरलं की पुढचं एकदा फिरतं. क्लचकडची पहिली घट ३० ला ८०, म्हणजे २.६६७. पहिला गिअर १२ ला ३२, दुसरा १४ ला २६, तिसरा १९ ला २७, चौथा २१ ला २४, पाचवा २३ ला २२, सहावा २५ ला २१. त्यावर शेवटी तुमचं स्प्रॉकेट, ४५ भागिले १५ म्हणजे ३.

२० इंची टायरचा घेर कागदावर १.५९६ मीटर. प्रत्यक्षात वजनाने टायर दबतो. म्हणून हवा भरा, गाडीवर बसा, जमिनीवर खडूने खूण करा, टायरच्या पाच पूर्ण फेऱ्या ढकला आणि टेपने मोजून पाचाने भागा. तोवर १.५९६ धरू.

इंजिनाच्या मिनिटाला ९००० फेऱ्यांवर पहिल्यात ताशी ४० किमी, दुसऱ्यात ५८, तिसऱ्यात ७६, चौथ्यात ९४. तिसरा ९५०० पर्यंत ताणला तर ८०. तुमची गाडी रेषेवर ८६ ला असते, म्हणून चौथा टाकावाच लागतो. आणि त्या चौथ्याचा उपयोग किती? पन्नास फूट. गिअर बदलताना पाव सेकंद जरी जोर तुटला तरी त्या वेगाला वीस फूट गाडी नुसती वाहते. पन्नासातले वीस तिथेच गेले.

ड्रॅगमध्ये, म्हणजे अशा सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत, हिशोब शेवटच्या रेषेवर सुरू करायचा आणि स्टार्टकडे मागे यायचं. रेषेवर वेग किती, त्या वेगाला कुठला गिअर हवा, आणि तो गिअर ताकदीच्या टोकाच्या जरा पुढे असताना रेषा यावी. लोक उलटं करतात, स्टार्टला ओढ किती हे आधी बघतात आणि रेषा जिथे येईल तिथे येऊ देतात.

तिसऱ्यातच ८६ ला ९५०० वर पोचायचं असेल तर ३ ला ८६/८० ने भागा. २.७९ येतं. पुढे १५ मागे ४२ केलं तर २.८०. पुढे १६ मागे ४५ केलं तर २.८१. म्हणजे तुम्ही विचारताय त्याच्या नेमकं उलट दिशेला जायचंय.


संकेश्वरकर | १३ जानेवारी, सकाळी ८.१५

मास्तर, पण मग स्टार्टला मरणार नाही का गाडी?


मास्तर चिकोडी | १३ जानेवारी, दुपारी १.२०

चांगला प्रश्न. २०१७ नंतरच्या ३९० चा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३७ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमधली एकूण घट २१.३. गुणाकार ७८९. टायरची त्रिज्या पाव मीटरच्या जरा वर, तिने भागलं आणि चेन-गिअरमधला दहा टक्के तोटा वजा केला की चाकाच्या कडेला साधारण २८०० न्यूटन जोर येतो. गाडी आणि माणूस मिळून ३०० किलो, म्हणजे जमिनीवर २९४० न्यूटन. सगळंच्या सगळं वजन मागच्या चाकांवर आलं तरी मातीने पंच्याण्णव टक्के पकड दिली पाहिजे. रोलर फिरवलेली कोरडी माती एवढं देत नाही, डांबरावर मिळाली तर मिळते.

१५/४२ ला हाच जोर २६०० होतो. तरीही मातीच्या आवाक्याबाहेर. मरणार कशी? उलट क्लच सोडताना तुमच्या हातात जरा जास्त राहील.


वाळवंटी निपाणी | १३ जानेवारी, रात्री ११.१०

मी नऊ वर्षं दुबईला होतो. शुक्रवारी बद्दायरला वाळूच्या टेकड्यांवर जायचो, तिथे क्वाडची जत्राच असते. मित्राची यामाहा रॅप्टर ७०० होती, ६८६ सीसी, एकच सिलिंडर. कंपनीतून ती १४/३८ येते, चेन ५२० च. दुसऱ्याकडे बॅन्शी, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. दोन्ही गाड्यांचे स्प्रॉकेट आम्ही हातांनी इतक्या वेळा बदललेत की सांगता सोय नाही.

रॅप्टरला खालूनच दम असतो, म्हणून तिला लांब गिअर चालतो. बॅन्शीची ताकद वरच्या फेऱ्यांत एका अरुंद पट्ट्यात. गिअर टाकल्यावर फेऱ्या त्या पट्ट्याच्या खाली पडल्या की गाडी झोपली. तिला मागे दोन दात वाढवले की जीव यायचा. त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. ३९० या दोघींच्या मध्ये कुठेतरी बसतं, टॉर्कचं टोक ७००० ला, ताकदीचं ९००० ला.

वाळूत आम्ही वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे पॅडल टायर लावायचो. ते वाळू पकडतात, मग इंजिनावर भार येतो आणि गिअर आखूड करावा लागतो. साध्या टायरला उलटं. म्हणजे आधी टायर ठरवा, मग दात.

अजून एक. तिकडचे आकडे समुद्रसपाटीचे. बेळगाव साधारण ७५० मीटरवर आहे, हवा सात टक्क्यांच्या आसपास विरळ. इंजेक्शन असलं तरी ते पेट्रोल जुळवून घेतं, गेलेली ताकद परत देत नाही. परदेशी माणसाने १४/४० सांगितलं म्हणून डोळे झाकून घेऊ नका.

आणि स्टार्ट दुसऱ्या गिअरवर करून बघितलाय का?


नंदगडवाला | १४ जानेवारी, सकाळी ७.३०

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. मास्तर, रात्री बसून सगळं वहीत उतरवलं. टायर ढकलून मोजला, १.५६ मीटर भरला. वाळवंटीदादा, १५/४५ वर दुसऱ्याने सोडून बघितली. चाकं कमी फिरली, पण रेषेपाशी चौथा टाकणं आहेच.


मास्तर चिकोडी | १४ जानेवारी, सकाळी ९.४५

तिळगूळ घ्या. निपाणीकरांच्या प्रश्नाने मला रात्रभर जागं ठेवलं, आणि त्यात तुमच्या १३ दातांची बाजू निघाली.

४५ ला १३ ने भागलं तर ३.४६. या घटीवर चौथा गिअर ९५०० ला बरोबर ८६ देतो. म्हणजे रेषेवर पोचण्याचे दोन रस्ते आहेत. एक, १५/४२ घेऊन पहिला-दुसरा-तिसरा. दोन, १३/४५ घेऊन दुसरा-तिसरा-चौथा, पहिल्याला हातच लावायचा नाही. दोन्हीत गिअर दोनदाच बदलायचा. रेषेवरची एकूण घट पहिल्या रस्त्याला ३.९८ गुणिले क्लचकडची, दुसऱ्याला ३.९६. जवळपास सारखीच.

फरक मधल्या पायऱ्यांचा. पहिल्यातून दुसरा टाकला की ९५०० वरून फेऱ्या ६६०० ला पडतात, टॉर्कच्या टोकाच्या खाली. दुसऱ्यातून तिसऱ्याला ७२७०. तिसऱ्यातून चौथ्याला ७६४०. वरच्या गिअरच्या पायऱ्या जवळजवळ आहेत, म्हणून दुसऱ्या रस्त्याने इंजिन पूर्ण वेळ ७००० च्या वर राहतं. आणि सुटताना जोर पहिल्या रस्त्यापेक्षा चौदा टक्के कमी, म्हणजे तुमच्या चाकं फिरण्यावरही तोच उतारा.

म्हणून कालचं माझं म्हणणं अर्धंच होतं. १३ घ्या, पण दुसऱ्याने सुटणार असाल तरच. १३ घालून पहिल्याने सुटलात तर पहिला ३५ किमीलाच संपेल आणि रेषेपर्यंत तीन वेळा गिअर बदलावा लागेल. ते सगळ्यात वाईट.

टायर १.५६ भरलाय, तेव्हा माझे सगळे वेग दोन-सव्वादोन टक्क्यांनी कमी धरा. हाताशी थोडी जागा राहते तोवर चालेल.


अथणीची काळी माती | १४ जानेवारी, दुपारी ३.००

लई भारी धागा. आमच्याकडे तांबडी माती न्हाई, काळी. उन्हाळ्यात वरचा थर भुसभुशीत पिठासारखा होतो, एक पाऊस पडला की टायरला चिकटून चाक दुप्पट जाड. ऊस गेला की रान मोकळं मिळतं, पण पकड शून्य. आमच्या क्वाडला पल्सरचं इंजिन हाय, चेन ४२८. मास्तर, आमी बी दुसऱ्यानंच सोडावी का?


वाळवंटी निपाणी | १४ जानेवारी, सायंकाळी ६.२०

भुसभुशीत काळ्या मातीत दुसऱ्यानेच. शिवाय टायरची हवा उतरवून बघा, दोन्ही मागच्या टायरमध्ये अगदी सारखी ठेवून. मागे अखंड एक्सल असतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. एका टायरचा घेर दोन सेंटिमीटरने जास्त असला तरी गाडी दुसऱ्या बाजूला ओढत राहते आणि आपण हँडलशी झगडत वेळ घालवतो. नंदगडवाले, तुम्ही घेर एकाच टायरचा मोजला का दोन्हींचा?

चेन ४२८ ची असेल तर ५२० चे दात तिला बसत नाहीत. ४२८ च्या दोन पिनांतलं अंतर १२.७ मिलिमीटर, ५२० चं १५.८७५. दुकानदार कधी कधी नुसतं "इतक्या दातांचं" म्हणून गळ्यात मारतो.


नंदगडवाला | १४ जानेवारी, रात्री ८.५५

एकाचाच मोजला होता. आत्ता टॉर्च लावून दुसरा मोजला. डावा १.५६, उजवा १.५८. गाडी डावीकडे का जाते म्हणून मी दोन महिने टाय रॉड आवळतोय.


उद्यमबाग लेथ | १४ जानेवारी, रात्री ९.३०

हवा सारखी करा, मग परत मोजा. तरी फरक राहिला तर टायर अदलाबदल करून उपयोग नाही, नवीन जोडी घ्यावी लागेल.

आता १३ बद्दल माझं ऐका, मी हे रोज हातात धरतो. पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की तोच टॉर्क कमी त्रिज्येवरून चेनला जातो, चेनवरचा ताण वाढतो. १५ वरून १३ म्हणजे पंधरा टक्के जास्त. दुसरं, प्रत्येक कडी जास्त कोनात वाकते, झिजते. तिसरं, चेन स्विंगआर्मच्या जवळून जाते आणि रबरी पट्टी खाते. तपासणीसाठी १३ ठीक, स्वस्त आहे, अर्ध्या तासात बदलतं. कायमचं ठेवू नका.

आणि एक्सल कुठे येतो ते बघा. ५२० ला एकूण दातांत एक दात कमी झाला की एक्सल साधारण चार मिलिमीटर मागे घ्यावा लागतो. १३/४५ ला आठ मिलिमीटर मागे, १५/४२ ला बारा. क्वाडला मागे गेलेला एक्सल चांगलाच, पुढची चाकं कमी उचलतात. चेन कापायची घाई करू नका.


कडोलीचा बंड्या | १५ जानेवारी, सकाळी ११.४०

काय करूलालाय तुम्ही सगळे, मी सकाळपासून हेच वाचूलालोय! एक सांगतो, मनापासून. गेल्या वर्षी आमच्या वाड्यात एकाची चेन पळता पळता तुटली. चेनवर कव्हर नव्हतं. पायाच्या नडगीला सहा टाके. चेन कव्हर लावा, हेल्मेट घाला, आणि मनगटाला दोरी बांधून इंजिन बंद करणारा स्विच लावा. माणूस पडला तरी क्वाड पडत नाही, ती तशीच लोकांत घुसते. बघायला पोरं येतात, त्यांना पट्ट्याच्या बाजूला नाही, स्टार्टच्या मागे उभं करा.


नंदगडवाला | १५ जानेवारी, दुपारी १२.१०

बंड्या, स्विच आहे, कव्हर नव्हतं. आज पत्रा वाकवून केलं. क्वाड रस्त्यावर काढत नाही, पट्ट्यापर्यंत टेंपोतून नेतो. रविवारी १३ आणि १६ दोन्ही घालून बघतो. १६ एकाकडून उसनं मिळालंय. रविवारी रात्री आकडे टाकतो.


नंदगडवाला | १९ जानेवारी, रात्री १०.१५

आकडे आणले. सकाळी सात ते दहा, माती कोरडी, हवा दोन्ही टायरमध्ये सारखी (आता घेर १.५६ आणि १.५६५). वेळ मोजायला मित्राने रेषेवर उभं राहून सेकंदाला २४० चित्रांवर व्हिडिओ काढला, स्टार्टला दिवा लावला होता. प्रत्येक जोडीच्या चार फेऱ्या.

१५/४५ पहिल्याने: ६.०८, ६.२१, ६.०२, ६.३०.

१६/४५ पहिल्याने: ५.९२, ६.०५, ५.८८, ५.९७. तिसऱ्यातच रेषा आली, फेऱ्यांचा मीटर ९७०० च्या आसपास. गाडी शेवटपर्यंत ओढत होती, तो आवाज पहिल्यांदाच ऐकला.

१३/४५ दुसऱ्याने: ५.८९, ५.९१, ५.८७, ५.९२.

सगळ्यात चांगली फेरी दोन्हींची जवळपास सारखी. पण १३ वर चारही फेऱ्या एका ओळीत आल्या. १६ वर क्लच जरा चुकला की चाकं सुटायची, दुसऱ्याने सुटताना चूक झाली तरी गाडी माफ करत होती. पुढची चाकं फक्त एकदा उचलली.

लेथवाले काका, तुमचं म्हणणं मात्र खरं ठरलं. चारच फेऱ्यांनंतर स्विंगआर्मच्या पट्टीवर काळी पूड होती.


मास्तर चिकोडी | २० जानेवारी, सकाळी ६.१५

१३ वर चार फेऱ्यांमधला फरक ५ शतांश सेकंद! १५/४५ ला तो २८ शतांश होता. शर्यतीत समोरच्याला हरवायचं तर मला हीच ओळ जास्त मोलाची वाटते. आकडे मी वर्गातल्या फळ्यावर लिहिणार आहे, परवानगी द्या.

पट्टी खाऊ द्यायची नसेल तर तीच घट मोठ्या दातांनी आणा. ४८ भागिले १४, ३.४३. चौथा ९५०० ला ८७. तुमच्या मोजलेल्या टायरला ८५. पुढचं एक दात वाढलं की चेन पट्टीपासून वर येते, ताणही कमी होतो.


अथणीची काळी माती | २० जानेवारी, सकाळी ७.०५

मागं ४८ म्हणजे चक्र केवढं होतंय? ढेकळाला लागंल का?


उद्यमबाग लेथ | २० जानेवारी, सकाळी ८.४०

५२० च्या ४८ दातांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या दाताच्या टोकापर्यंत साधारण १२६ मिलिमीटर. २० इंची टायरची २५४. टायर दबतो तो धरून आणि चेनची जाडी वजा करून खाली जेमतेम १२ सेंटिमीटर उरतात. रोलर फिरवलेल्या पट्ट्यावर भरपूर. नांगरलेल्या रानात नेऊ नका. आणि १८ इंची टायर घालायचा कुणाचा विचार असेल तर हे आधी मोजा.

नंदगडवाले, ४८ मी करून देतो. सी-४५ स्टीलची प्लेट, वायरकटवर (तारेने धातू कापणारं मशीन) दात, नंतर फक्त दातांना हार्डनिंग. ॲल्युमिनियमचं हलकं होतं, पण मातीत दोन हंगामही काढत नाही, म्हणून मी स्टीलच सुचवतो. दातांची बेरीज ६० वरून ६२ होते, म्हणजे आहे तीच चेन ठेवली तर एक्सल आठ मिलिमीटर पुढे येईल आणि परत पुढची चाकं उचलतील. दोन कड्या वाढवून घ्या, मग एक्सल आठ मिलिमीटर मागे जाईल. चेनची ढील मात्र तुम्ही बसलेले असताना, एक्सल, स्विंगआर्मचा बोल्ट आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत येतात तिथे तपासा. चेन सगळ्यात ताणलेली तिथे असते.

बोल्टच्या भोकांचं माप फोनवर पाठवू नका. अर्धा मिलिमीटर चुकला तरी स्प्रॉकेट वेडंवाकडं फिरतं. हब काढून घेऊन या, सोबत जुनं ४५ पण आणा. शनिवारी दुपारी वायरकट मोकळं आहे.


नंदगडवाला | २० जानेवारी, सकाळी ९.००

हब आत्ताच काढायला घेतलाय काका. शनिवारी बाराच्या बसने येतो.